विद्यापीठाचा स्टुडिओ आणि जिल्ह्याची स्मृती

(लेखांक सहावा)

मागील लेखांकात खासगी वाहिन्यांच्या निर्मितिव्यवस्थेचा विचार झाला. विद्यापीठाच्या आवारात उभ्या राहणाऱ्या चित्रपट-दूरचित्रवाणी निर्मितिकेंद्राचा हेतू त्याहून वेगळा असतो आणि म्हणून त्याची रचनाही वेगळ्या कसोटीवर तपासावी लागते. इन्सॅट-१बी हा उपग्रह ऑगस्ट १९८३ मध्ये अवकाशात गेल्यानंतर त्याच्या प्रक्षेपणाचा काही वेळ उच्च शिक्षणासाठी वापरण्याचे ठरले आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने १५ ऑगस्ट १९८४ पासून दूरदर्शनवर ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ ही कार्यक्रममाला सुरू केली. लहान गावांतील महाविद्यालयांत शिकणाऱ्या, मोठ्या ग्रंथालयापासून आणि नामवंत अध्यापकांपासून दूर असलेल्या विद्यार्थ्यापर्यंत पोहोचणे हे तिचे उद्दिष्ट होते. त्यासाठी देशातील काही निवडक विद्यापीठांत निर्मितिकेंद्रे स्थापन झाली. पुणे विद्यापीठातील शैक्षणिक माध्यम संशोधन केंद्र (‘ईएमआरसी’) हे त्यांपैकी आरंभीचे एक होय.

पुण्यातच विधी महाविद्यालय रस्त्यावर असलेली फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट ही मात्र निराळ्या परंपरेतील संस्था आहे. १९२९ मध्ये कोल्हापुरात स्थापन झालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये पुण्यास आली, तिने बांधलेले स्टुडिओ पुढे केंद्र सरकारने घेतले आणि तेथे १९६० मध्ये चित्रपटशिक्षणाची संस्था सुरू झाली. तेथे चित्रपट कसा घडवावा हे शिकवले जाते, तर ईएमआरसीत रसायनशास्त्रापासून इतिहासापर्यंतचे विषय शिकवण्यासाठी कार्यक्रम घडवले जातात. एकीत माध्यम हेच साध्य आहे, दुसरीत ते साधन आहे. हा भेद लक्षात न घेता केवळ यंत्रसामग्रीच्या यादीवरून दोन्हींची तुलना करणे योग्य नाही.

चित्रीकरणाच्या मुख्य दालनास व्यवहारात ‘फ्लोअर’ म्हणतात. मूकपटांच्या काळात चित्रीकरण बहुधा सूर्यप्रकाशावर अवलंबून असे आणि स्टुडिओ उघडे किंवा काचेच्या छताचे असत. बोलपट आल्यावर बाहेरचा आवाज रोखणे अपरिहार्य झाले आणि दालनाला जाड, बंद भिंती आल्या. बाहेरचा आवाज रोखला तरी आतील ‘निनाद’ उरतोच. निनाद म्हणजे मूळ ध्वनी थांबल्यानंतरही भिंती व छत यांवरून परावर्तित होत राहणारा ध्वनी. तो साठ डेसिबलने क्षीण होण्यास लागणारा काळ संभाषणासाठीच्या स्टुडिओत साधारण अर्ध्या सेकंदाच्या आत ठेवावा लागतो, अन्यथा व्याख्यात्याचे शब्द एकमेकांत मिसळून अस्पष्ट होतात. त्यासाठी भिंतींवर ध्वनिशोषक थर बसवतात. येथे अभियंत्यापुढे एक जुना पेच उभा राहतो : जुन्या टंगस्टन दिव्यांनी दालन इतके तापत असे की वातानुकूलन बंद ठेवणे अशक्य, आणि वातानुकूलन चालू ठेवावे तर त्याची घरघर ध्वनिमुद्रणात उतरे. एलईडी दिव्यांमुळे ही उष्णता पुष्कळ कमी झाली असली तरी हवा वाहून नेणाऱ्या नळ्यांची रचना आजही शांततेच्या दृष्टीने स्वतंत्रपणे करावी लागते. खर्चाला कात्री लावताना सर्वांत आधी ध्वनीची तरतूद कमी केली जाते, आणि ती चूक पुढे कितीही महागडा कॅमेरा घेतला तरी भरून निघत नाही.

फ्लोअरलगत नियंत्रण कक्ष असतो. एकाच वेळी तीन-चार कॅमेऱ्यांनी टिपलेली दृश्ये तेथील पडद्यांवर दिसतात आणि दिग्दर्शकाच्या सूचनेनुसार ‘व्हिजन मिक्सर’ या यंत्राद्वारे त्यांतील एक निवडले जाते. भारतातील दूरचित्रवाणी पद्धतीत दर सेकंदाला २५ चित्रचौकटी असतात. सर्व कॅमेऱ्यांच्या चौकटी एकाच क्षणी सुरू झाल्या नाहीत तर दृश्य बदलताना चित्राला झटका बसतो, म्हणून त्यांना एक समान कालसंकेत पुरवला जातो.

वेळापूरच्या वाचकासाठी मात्र खरा प्रश्न या दालनाबाहेरचा आहे. सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यातील या गावी अर्धनारीनटेश्वराचे यादवकालीन मंदिर आहे, रामचंद्रदेव यादवाच्या काळातील शिलालेख आहेत, आणि ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पंढरपूरच्या वाटेवर येथे मुक्कामास असते. यांपैकी काहीही स्टुडिओत नेता येत नाही. झिजलेला शिलालेख समोरून प्रकाश टाकून टिपला तर अक्षरे सपाट होऊन नाहीशी होतात. दिवा जवळजवळ दगडाला समांतर धरून तिरपा प्रकाश टाकला तरच खोदीव रेषांत सावली भरते आणि लेख वाचता येतो. वारीतील अभंगगायनाचे मुद्रण करायचे तर टाळ-मृदंगाच्या गजरात गायकाचा स्वर वेगळा राहील अशा जागी मायक्रोफोन ठेवावा लागतो. ही कामे हाताळता येणाऱ्या साधनांनी, पण प्रशिक्षित माणसांनीच होतात.

अशा प्रशिक्षित माणसाचे उदाहरण याच जिल्ह्यात आहे : करमाळा तालुक्यातील जेऊरचे दिग्दर्शक नागराज मंजुळे यांनी चित्रपटमाध्यमाचे शिक्षण अहमदनगरच्या महाविद्यालयात घेतले, त्यांच्या ‘पिस्तुल्या’ या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि ‘सैराट’ (२०१६) चे चित्रीकरण त्यांनी मोठ्या प्रमाणात करमाळ्याच्या परिसरातच केले. सोलापूर विद्यापीठ १ ऑगस्ट २००४ रोजी एका जिल्ह्यासाठी स्थापन झाले आणि आज ते पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाने ओळखले जाते. अशा विद्यापीठाने विस्तीर्ण फ्लोअरपेक्षा गावोगाव जाणारे बाह्यचित्रण पथक आणि चित्र-ध्वनिमुद्रणांचे संग्रहालय यांना अग्रक्रम द्यावा, हेच अधिक श्रेयस्कर होय.

संग्रहाचा मुद्दा सर्वांत उपेक्षित आहे. जानेवारी २००३ मध्ये पुण्यातील फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात लागलेल्या आगीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या जुन्या नायट्रेट फिती भस्मसात झाल्या. नायट्रेट हा पदार्थ अत्यंत ज्वालाग्राही असतो. चुंबकीय फिती नष्ट होण्यास आगीचीही गरज नसते : फितीवरील चुंबकीय कण धरून ठेवणारा लेप हवेतील ओलाव्याने चिकट होतो आणि फीत यंत्रात अडकून फाटते. डिजिटल फायलीही एकाच हार्डडिस्कवर ठेवल्या तर तितक्याच असुरक्षित असतात, म्हणून किमान दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी असाव्यात आणि प्रत्येकीसोबत तारीख, स्थळ, व्यक्तींची नावे व विषय यांची नोंद असावी. नोंद नसलेले चित्रण शोधताच येत नाही.

ज्या कुटुंबांत पालखी सोहळ्याच्या, यात्रांच्या किंवा शेतीच्या जुन्या कामांच्या व्हीएचएस कॅसेट असतील त्यांनी त्या कोरड्या जागी उभ्या ठेवाव्यात, प्रत्येकीवर तपशील लिहावा आणि शक्य तितक्या लवकर त्यांची डिजिटल प्रत करून घ्यावी, कारण त्या चालवणाऱ्या यंत्रांचे उत्पादन जगातील शेवटच्या उत्पादकानेही जुलै २०१६ मध्ये थांबवले आहे.