भूसंपादनातील जमिनीचे मूल्य : सरासरी कोणती घ्यावी?

संपादित जमिनीचे बाजारमूल्य ठरविणे हा मुळात सांख्यिकीय अनुमानाचा प्रश्न होय. २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम २६ नुसार शासकीय प्रकल्पासाठी दोन मूल्यांपैकी अधिक असेल ते स्वीकारले जाते : मुद्रांक शुल्कासाठी निश्चित केलेले मूल्य, किंवा लगतच्या गावांतील तत्सम जमिनींच्या मागील तीन वर्षांतील नोंदणीकृत विक्रीची सरासरी किंमत. ही सरासरी मात्र सर्व खरेदीखतांची नसते. त्यांतील सर्वाधिक किमतीची निम्मी खरेदीखतेच विचारात घेतली जातात.

समजा, सहा खरेदीखतांतील दर हेक्टरी ८, ९, १०, १४, १८ आणि २५ लाख रुपये आहेत. साधी सरासरी १४ लाख येते. वरच्या तिहींची १९ लाख. ग्रामीण भागात या मूल्यास १ ते २ चा गुणक लागतो आणि त्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम मिळते. गुणक २ असल्यास मूळ अनुमानातील ५ लाखांचा फरक मोबदल्यात २० लाखांचा होतो.

या तरतुदीमागील कारण व्यवहारी आहे. मुद्रांक शुल्क वाचविण्यासाठी खतात किंमत कमी दाखविली जाते, क्वचितच जास्त. चूक एकाच दिशेची असल्याने खतांची संख्या वाढविली तरी सरासरीची अभिनती जात नाही; केवळ तिचे चढउतार कमी होतात. वरचा अर्धा भाग घेणे हा त्यावरील ढोबळ उपाय. परंतु अर्धाच का, याला सांख्यिकीय आधार नाही. शिवाय चढ्या दराची खते पुष्कळदा रस्त्यालगतच्या काही गुंठ्यांची असतात. त्यांचा दर आतल्या सलग शेतास लावणे योग्य ठरत नाही. अप्रातिनिधिक किमती वगळण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यास आहे खरा, पण वगळण्याची कसोटी त्याच्या विवेकावर सोडलेली आहे.

येथे शेर्विन रोझेन यांनी १९७४ मध्ये सैद्धांतिक बैठक दिलेली गुणधर्माधिष्ठित समाश्रयण पद्धती उपयुक्त ठरते. क्षेत्रफळ, सिंचन, रस्त्यापासूनचे अंतर इत्यादी गुणधर्मांचा किमतीवरील परिणाम तीत स्वतंत्रपणे मोजला जातो. अर्थात सहा खतांवर चार गुणांक काढणे व्यर्थ होय. त्यासाठी अनेक गावांची खते एकत्र करावी लागतील. दडविलेली रक्कम या पद्धतीनेही उघड होत नाही. सर्वत्र सारख्याच प्रमाणात किंमत लपविली असेल, तर किमतीचे लॉगरिदम घेतलेल्या समीकरणात ती तूट स्थिरपदात मुरते. गुणधर्मांचे गुणांक अबाधित राहतात, अनुमानित किंमत मात्र तितकीच कमी येते. महाराष्ट्रात खतातील रक्कम बहुधा रेडी रेकनरच्या दराजवळ ठेवली जाते, आणि तो दर ठरविताना आधार पुन्हा अशाच खतांचा घेतला जातो.