सही जुळत नाही

बँकेत माझी तीस वर्षे गेली. त्यातली बरीचशी चेकवरची सही नमुना सहीशी ताडून पाहण्यात. काउंटरपलीकडे ओळखीचा माणूस उभा असला, तरी सही जुळली नाही तर चेक परत. माणूस खोटा होता असे नव्हे. पण नियम तो नियम. हा नियम कधी माझ्यावर उलटेल, असे वाटले नव्हते.

पत्नीची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली. ‘माझे एक घ्या,’ मी डॉक्टरांना म्हणालो. रक्तगट एकच होता. एवढा संसार झाला, जुळणारच, ही माझी भाबडी समजूत. राहिली होती क्रॉसमॅच. माझ्या पांढऱ्या पेशींवर तिच्या रक्तातला द्रव घातला, तर पेशी मेल्या. म्हणजे माझ्याविरुद्धची प्रतिपिंडे तिच्या रक्तात आधीच तयार होती. तसेच मूत्रपिंड बसवले असते, तर काही तासांतही ते निकामी होण्याचा धोका होता.

‘कशामुळे?’

‘बाळंतपणांमुळे,’ डॉक्टर म्हणाले. पोटातल्या बाळात निम्मा वाटा बापाचा. ती परकी खूण आईचे रक्त कधी कधी वर्षानुवर्षे लक्षात ठेवते. पूर्वी रक्त चढवले असेल, तरी असे होऊ शकते. आमच्याच दोन मुलांनी माझी वाट अडवली होती! पत्नी हसली. मला मात्र रात्रभर झोप नव्हती.

पेशींवरच्या या खुणांना एचएलए म्हणतात. त्यांतली पहिली फ्रान्सच्या जाँ दोसे यांनी १९५८ साली ओळखली. खुणांचा एक संच आईकडून येतो, एक वडिलांकडून. म्हणून सख्ख्या भावंडांत दोन्ही संच जुळण्याची शक्यता चारांत एक, एकच जुळण्याची चारांत दोन आणि काहीच न जुळण्याची चारांत एक.

धाकट्या मेहुणीचे दोन्ही संच जुळले. मेहुण्यांचा एकही नाही. ते खाली मान घालून बसले, जणू बहिणीवरची मायाच कमी पडली. हा वाटा जन्माआधीच पडतो, हे त्यांना समजवावे लागले. न जुळणाऱ्याला अपराधी वाटते आणि जुळणाऱ्यावर नकळत दडपण येते. म्हणूनच मेहुणीला एकटीला बसवून डॉक्टरांनी तिची इच्छा विचारली, हे मला फार मोलाचे वाटले. घरात कुणीच जुळले नाही, तर दोन कुटुंबांना दात्यांची अदलाबदलही करता येते. २०११ च्या दुरुस्तीने आपल्या कायद्यात तशी सोय झाली आहे.

इतके जुळले, मग गोळ्या कशाला? १९५४ साली बोस्टनला डॉ. जोसेफ मरे यांनी रोनाल्ड हेरिकचे मूत्रपिंड त्याच्या जुळ्या भावाला बसवले. दोघे हुबेहूब एक, याची खात्री आधी त्वचेचे तुकडे अदलाबदल करून घेतली होती. असे जुळे सोडले, तर बारीकसारीक खुणा वेगळ्या राहतातच. म्हणून प्रतिकारशक्तीला आवरणाऱ्या गोळ्या मूत्रपिंड चालते आहे तोवर घ्यायच्या.

हे आम्हांला तिसऱ्या महिन्यात पटले. घरात पाहुणे होते, त्या गडबडीत दोन दिवसांच्या गोळ्या राहिल्या. चूक आमचीच. तिला त्रास काहीच नव्हता. पण ठरलेल्या तपासणीत क्रिएटिनिन वाढलेले निघाले. बायॉप्सी केली. शरीराने मूत्रपिंड नाकारायला सुरुवात केली होती. वेळीच सापडले, म्हणून स्टेरॉईडच्या इंजेक्शनांवर निभावले.

आता सकाळी नऊ आणि रात्री नऊला घरात गजर वाजतो. मी डबी उघडून गोळ्या तिच्या हातावर ठेवतो. मूत्रपिंड मला देता आले नाही. एवढे तरी माझ्याकडे आहे.