बर्लिनची भिंत आणि पडद्यावरील साक्ष

१३ ऑगस्ट १९६१ च्या पहाटे बर्लिनवासी जागे झाले, तेव्हा त्यांच्या शहराच्या मधोमध काटेरी तारा ओढल्या जात होत्या. पुढे तेथे भिंत उभी राहिली आणि ९ नोव्हेंबर १९८९ पर्यंत, म्हणजे २८ वर्षे, तिने एकाच शहरातील माणसे विलग ठेवली. आज जगाला हे शहर आठवते ते प्रामुख्याने ‘गुड बाय, लेनिन!’ (२००३) आणि ‘द लाइव्ज ऑफ अदर्स’ (२००६) या चित्रपटांमुळे. दोन्ही कलाकृती श्रेष्ठ आहेत. परंतु दोहोंचे दिग्दर्शक पश्चिम जर्मनीत जन्मलेले, आणि दोन्ही चित्रपट भिंत पडल्यानंतरचे. भिंतीआड जगलेल्या माणसांनी स्वतःविषयी काय सांगितले होते, हा प्रश्न त्यामुळे मागे पडतो.

पूर्व जर्मनीत चित्रपटनिर्मिती ‘डेफा’ या सरकारी संस्थेकडे होती. तरीही तेथे खरे बोलणारे कलावंत होते. गेरहार्ड क्लाइन यांच्या ‘बर्लिन, एके शोनहाउझर’ (१९५७) या चित्रपटात रेल्वेच्या उन्नत मार्गाखाली जमणारी तरुण मुले दिसतात. घरी जागा नाही, मोठ्यांना वेळ नाही, आणि पश्चिम बर्लिन केवळ काही स्थानकांच्या अंतरावर! भिंत बांधली जाण्यापूर्वीच ती मनामनांत कशी उभी राहत होती, याचा हा दस्तऐवज होय.

असे सत्य सत्तेला मानवले नाही. डिसेंबर १९६५ मध्ये सत्ताधारी पक्षाच्या मध्यवर्ती समितीच्या बैठकीत चित्रपटसृष्टीवर प्रखर टीका झाली आणि सुमारे डझनभर चित्रपट रोखले गेले. त्यांतील बरेचसे भिंत कोसळल्यानंतरच प्रेक्षकांपर्यंत पोहोचले. एका पिढीला पडद्यावरील स्वतःचा चेहरा पाहण्यासाठी जवळजवळ पंचवीस वर्षे थांबावे लागले.

कॉनराड वोल्फ आणि वोल्फगांग कोलहाझे यांच्या ‘सोलो सनी’ (१९८०) मध्ये जुन्या चाळवजा इमारतीत राहणारी एक गायिका आहे. तिला कोणाची दया नको, स्वतःच्या अटींवर जगायचे आहे. या भूमिकेसाठी रेनाटे क्रेस्नर यांना अभिनेत्रीचे पारितोषिक मिळाले, ते भिंतीपलीकडील पश्चिम बर्लिनच्या महोत्सवात.

पश्चिमेकडून विम वेंडर्स यांनी ‘विंग्ज ऑफ डिझायर’ (१९८७) काढला. त्यातील देवदूत भिंत सहज ओलांडतात. चित्रपटाच्या चमूला मात्र भिंतीची प्रतिकृती बांधावी लागली. त्यात एक वृद्ध ओसाड माळावर पोट्सडामर चौक शोधत हिंडतो आणि तो त्याला सापडत नाही. ही भूमिका करणारे कुर्ट बॉइस हे स्वतः नाझी राजवटीत परागंदा झालेले ज्यू कलावंत होते.

‘द लाइव्ज ऑफ अदर्स’मधील गुप्त पोलीस अधिकाऱ्याचे हृदयपरिवर्तन जगाला भावले. पण पूर्वीच्या तुरुंगाचे स्मारक सांभाळणाऱ्या प्रमुखांनी तेथे चित्रीकरणास परवानगी नाकारली. असा अधिकारी इतिहासात आढळत नाही, हा त्यांचा आक्षेप होता. पीडितांच्या दृष्टीने हा आक्षेप क्षुल्लक नाही.

९ नोव्हेंबर १९८९ च्या संध्याकाळी पूर्व बर्लिनच्या ‘किनो इंटरनॅशनल’ चित्रगृहात हायनर कारो यांच्या ‘कमिंग आउट’चा पहिला खेळ झाला. समलिंगी प्रेमावरील डेफाचा हा एकमेव कथापट. त्याच रात्री सीमा खुली झाली आणि त्या ऐतिहासिक गर्दीत हा चित्रपट झाकोळला. भिंती पडतात, पण त्यांच्याआड जगलेल्यांची कथा कोणी सांगायची, हा प्रश्न उरतोच. म्हणून गाजलेल्या चित्रपटांबरोबर हे जुने चित्रपटही आवर्जून पाहिले पाहिजेत.