मान ताठ — नाइलाजाने!

वर्गात मागून कोणी हाक मारली की मी नुसती मान वळवत नाही, सबंध वळतो. विद्यार्थी त्याला प्राध्यापकी रुबाब समजतात. खरे कारण असे, की माणसाच्या मानेत सात मणके असतात आणि माझे त्यांतले तीन जन्मापासून एकमेकांना जुळलेले आहेत. १९१२ साली मॉरिस क्लिपेल आणि आंद्रे फाइल या फ्रेंच डॉक्टरांनी असा रोगी वर्णिला. तो ४६ वर्षांचा शिंपी होता. विकाराला नाव मात्र डॉक्टरांचे पडले. शिंप्याला कोण विचारतो!

दुखतात ती ही जुळलेली हाडे नव्हेत. सात भावांत तिघे स्वस्थ बसले म्हणजे त्यांचे काम शेजारच्यांच्या गळ्यात पडते. तसे जोडाच्या वरचे-खालचे सांधे वाजवीपेक्षा अधिक हलतात, लवकर झिजतात, आणि भोवतालचे स्नायू आखडतात.

म्हणूनच ‘मान मोकळी करा’ हा आपल्याकडचा लाडका सल्ला येथे घातक! जे हाड एकच झाले ते मोकळे कसे होणार? ओढाताणीचा भार त्याच दमलेल्या सांध्यांवर येतो. शीर्षासन, हलासन, मान गरगर फिरविणे सगळे वर्ज्य. न्हाव्याकडून मान ‘मोडून’ घेणे तर मुळीच नको. मी तेलाची बाटली उघडण्यापूर्वीच त्याला बजावतो.

आधी मान पुढे-मागे वाकवून एक्स-रे काढतात. कोणता सांधा डळमळतो ते त्यात कळते. मूत्रपिंडाचे व कानाचे दोषही या विकारासोबत आढळतात, तेव्हा तेही तपासून घेतात.

मग व्यायाम. पाहणाऱ्याला तो व्यायाम वाटतच नाही! उताणे निजून हनुवटी ‘हो’ म्हटल्यासारखी किंचित आत घ्यायची, पाच-दहा सेकंद धरायची, सोडायची, असे दहादा. याने घशामागचे खोल स्नायू कामाला लागतात. मग तळहाताने कपाळ हलके दाबायचे आणि डोक्याने तेवढाच विरोध करायचा. मान तसूभरही हलू द्यायची नाही. शेवटी खांदे न उचलता त्यांच्यामागची हाडे एकमेकांकडे ओढायची. फिजिओथेरपिस्टसमोर शिकल्यावाचून मात्र यातले काही करू नये.

“व्यायाम चाललाय की डुलकी?” असे आमच्या घरातून विचारले जाते. माझी मान आजही पूर्वीइतकीच वळते. पण यंदा उत्तरपत्रिकांचा गठ्ठा शेक न घेता संपला. हाताला मुंग्या आल्या, बोटांतून वस्तू निसटू लागली किंवा चालताना तोल गेला, तर मात्र व्यायाम तिथेच थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.