साडेनऊ तासांचं इस्तंबूल

उन्हाळ्याच्या सुट्टीत लंडनला भावाकडे गेलो होतो. परतताना इस्तंबूलला विमान बदलायचं होतं. सकाळी साडेदहाला उतरणार आणि मुंबईचं विमान रात्री आठला. ब्रिटनचा चालू व्हिसा असल्यानं सगळ्यांसाठी तुर्कीचा ई-व्हिसा आधीच ऑनलाइन काढला होता. सामान थेट मुंबईत मिळणार होतं. साडेनऊ तास विमानतळावरच्या खुर्च्यांवर काढायचे की शहर बघायचं, हा प्रश्न आमच्या घरात फार वेळ टिकला नाही.

आठवीतल्या मुलाची यादी तयार होती: आया सोफिया, निळी मशीद, ग्रँड बझार, गलाता मनोरा. त्याच्या अब्बांनी कागदावर हिशेब मांडला. विमानतळाबाहेर पडायला दीड तास, जाण्यायेण्याला तीन-साडेतीन, उड्डाणाआधी परत हजर व्हायला तीन. हाती उरले जेमतेम दीड तास. एकच जागा पाहता येणार होती.

तेव्हा अम्मी हळूच म्हणाल्या, "जमलं तर मला खलिफांचा वाडा दाखवा. दुरून दिसला तरी चालेल."

अम्मींचं माहेर खुलताबादचं. खुलताबाद परिसरात एक मकबरा आहे, ज्यात कुणीच दफन नाही. तो बांधला गेला शेवटचे उस्मानी खलिफा अब्दुल मजीद दुसरे यांच्यासाठी. अम्मींनी लहानपणी ही रिकामी कबर पाहिली होती आणि "ज्यांची आहे ते कुठे गेले?" असं वडिलांना विचारलं होतं.

मुलाचा चेहरा उतरला, पण नानींपुढे तो काही बोलला नाही.

विमानतळावरून मेट्रोनं गायरेत्तेपे, तिथून दुसऱ्या मेट्रोनं ताकसीम आणि पुढे चढावर चालणाऱ्या छोट्या भुयारी गाडीनं खाली काबाताश. स्टेशनबाहेर आलो तर समोर बॉस्फरसचं निळं पाणी. अलीकडे युरोप, पलीकडे आशिया! काही मिनिटं चाललो आणि दोल्माबाहचे राजवाड्याचं फाटक दिसलं. 1856 मध्ये पूर्ण झालेला, 285 खोल्यांचा हा वाडा. आत जाण्याएवढा वेळ नव्हता.

फाटकासमोर मी मुलाला सांगू लागले. 3 मार्च 1924 रोजी तुर्कीच्या संसदेनं खिलाफत रद्द केली. त्याच रात्री खलिफांना कुटुंबासह हा वाडा सोडावा लागला. गर्दी जमू नये म्हणून त्यांना शहरातल्या स्टेशनऐवजी दूरच्या चाताल्जा स्टेशनवरून युरोपला जाणाऱ्या गाडीत बसवलं. मुलगी दुर्रुशेहवार तेव्हा दहा वर्षांची होती. पुढे 1931 मध्ये फ्रान्समधल्या नीस शहरात तिचा निकाह हैदराबादच्या निजामांचे थोरले पुत्र आझम जाह यांच्याशी झाला. आपला मराठवाडा तेव्हा निजामांच्याच राज्यात होता, म्हणून कबर खुलताबादला. खलिफांचं 1944 मध्ये पॅरिसमध्ये निधन झालं. पार्थिव जवळपास दहा वर्षं तिथल्या मशिदीत राहिलं आणि 1954 मध्ये मदिनेत दफन झालं.

"म्हणजे आमच्या पुस्तकातली खिलाफत चळवळ यांच्यासाठीच होती?" मुलानं विचारलं.

मी म्हणाले, "चळवळ 1919 ची, हे गादीवर आले 1922 मध्ये. पण गादी तीच."

"मग तुम्ही वर्गात खुलताबादचं कधी सांगितलं नाही?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. कितीतरी वर्षं मी हा धडा शिकवते. गांधीजी, अली बंधू, सनावळ्या सगळं फळ्यावर लिहिते. शाळेपासून पंचवीसेक किलोमीटरवर या इतिहासाची एक कबर उभी आहे, हे एकाही वर्गाला सांगितलं नव्हतं.

वाड्याशेजारीच पाण्याच्या काठावर एक मशीद आहे. सुलतान अब्दुल मजीद पहिले यांच्या आई बेझमीआलम यांनी ती बांधायला घेतली, त्यांच्या इंतकालानंतर मुलानं 1855 मध्ये पूर्ण केली. जोहरची जमात होऊन गेली होती. मुसाफिर असल्यानं आम्ही कसर केली, दोन रकात फर्ज अदा केले. अम्मींची दुआ मात्र लांबली. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "माणूस निघतो कुठून आणि मातीला लागतो कुठे, अल्लाहच जाणे. मदिना नशिबी आली, याहून मोठं काय?"

तीळ लावलेले गोल सिमित पाव घेऊन परत निघालो. पाचच्या आत विमानतळ गाठलं. निळी मशीद राहिली. इन्शाअल्लाह, पुन्हा कधीतरी.

घरी आल्यावरच्या पहिल्याच रविवारी मुलगा स्वतःहून म्हणाला, "नानी, खुलताबादला चला ना." छत्रपती संभाजीनगरहून तासाभराचा रस्ता, व्हिसा लागत नाही. जून महिन्यात शाळा सुरू झाली, तेव्हा माझ्या वर्गाच्या सहलीचं ठिकाण ठरलेलं होतं.