आयकराची सूट शेतीला, शेतकऱ्याला नव्हे

शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांत एक वाक्य इतक्या सहज बोलले जाते की त्याची शहानिशा करायला कोणी जात नाही: ‘सात-बारा नावावर आहे, आपल्याला कसला इन्कम टॅक्स?’ यातले निम्मे खरे आहे आणि घोटाळा होतो तो त्या निम्म्या खऱ्यामुळेच. शेतीच्या उत्पन्नावर कर लावण्याचा अधिकार राज्यघटनेने केंद्राला दिलेलाच नाही. तो राज्यांकडे आहे. 1961 च्या आयकर कायद्याने हे उत्पन्न करमुक्त ठेवले आणि 1 एप्रिल 2026 पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही ती सूट कायम आहे. पण सूट आहे ती उत्पन्नाला. ‘शेतकरी’ असा करदात्यांचा वेगळा वर्ग कायद्यात नाही. घरात येणाऱ्या प्रत्येक रकमेला कायदा एकच विचारतो: हे पैसे जमीन कसून आले का? एकाच घरात, एकाच महिन्यात या प्रश्नाची दोन वेगळी उत्तरे निघू शकतात.

हा निकष नेमका कुठे लागतो हे सर्वोच्च न्यायालयाने 1957 साली राजा बिनयकुमार सहास रॉय यांच्या खटल्यात सांगून ठेवले आहे. नांगरणी, पेरणी, लागवड अशी मूळ कामे जमिनीवर व्हायला हवीत. नुसता जमिनीशी संबंध पुरेसा नाही. म्हणून कारखान्याला घातलेल्या उसाचे बिल करमुक्त, पण तेच बिल ठेवीत टाकले तर त्या ठेवीवरचे व्याज करपात्र. शेतातच बांधलेली पोल्ट्री आणि गोठा, दोन्ही व्यवसाय. स्वतःच्या ट्रॅक्टरने दुसऱ्यांचा ऊस वाहिला तर त्याचे भाडे हाही व्यवसायच, म्हणून तर कारखाना त्यातून टीडीएस कापतो. रांजणगाव, कारेगाव, सणसवाडी भागात कामगारांसाठी खोल्या बांधून भाड्याने दिल्या असतील, तर ते घरभाड्याचे उत्पन्न. खालची जमीन सात-बाऱ्यावर शेतीची असली तरी फरक पडत नाही. दौंड तालुक्यातल्या गुऱ्हाळांची गोष्ट जास्त बारकाईने पाहण्यासारखी आहे. माल विकण्याजोगा करण्यासाठी शेतकरी एरवी करतो ती प्रक्रिया शेतीतच मोडते. पण ऊस तसाच विकत घेणारे कारखाने आसपास असताना त्याचा गूळ करणे ही विक्रीसाठी अपरिहार्य प्रक्रिया ठरत नाही. म्हणून घरच्या उसाचा गूळ केला, तर उसाच्या बाजारभावाइतकी रक्कम शेतीची आणि त्यावरचा नफा धंद्याचा. दुसऱ्याचा ऊस विकत घेऊन काहील चढवली असेल, तर सगळाच नफा धंद्याचा.

यावर एक आक्षेप हमखास येतो आणि तो हलक्यात घेण्यासारखा नाही. चारा रानातला, शेण परत रानात, मग दूध शेतीपासून वेगळे कसे? अर्थकारण म्हणून हा मुद्दा रास्त आहे; कायदा बदलावा अशी मागणीही त्यावरून करता येईल. पण आजचा कायदा तो मान्य करत नाही आणि दुधाचे पैसे ‘शेती’ म्हणून दाखवणे ही चुकीची माहिती ठरते. तशी ती ठरली, तर बुडालेल्या कराच्या 200 टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय भीती वाटते तेवढा कर बहुतेकांना येतच नाही. छोट्या व्यवसायासाठी अनुमानित उत्पन्नाची सोय आहे: बँकेतून आलेल्या जमेच्या 6 टक्के, रोखीच्या 8 टक्के नफा दाखवता येतो. वर्षाला 12 लाखांची दुधाची बिले खात्यावर आली, तर उत्पन्न धरले जाते 72 हजार. एवढ्यावर कुठला कर?

नोकरी आणि शेती दोन्ही असलेल्या घरांत मात्र खरी गफलत होते आणि कुरकुंभ-रांजणगावच्या कारखान्यांमुळे अशी घरे इकडे बरीच आहेत. ‘12 लाखांपर्यंत माफ’ हे ऐकून माणूस निर्धास्त होतो. 2025-26 या वर्षाचा हिशेब नव्या करप्रणालीत मांडून पाहा. पगार 10 लाख 75 हजार, त्यातून 75 हजारांची प्रमाणित वजावट, राहिले 10 लाख. शिवाय खर्च वजा जाता उसाचे 5 लाख. दोन्ही मिळून 15 लाखांवर कर येतो 1,05,000. त्यातून शेतीचे 5 लाख आणि करमुक्त मर्यादेचे 4 लाख अशा 9 लाखांवरचा कर, म्हणजे 30 हजार, वजा होतो. उरले 75 हजार. 12 लाखांच्या आतल्यांना मिळणारी सवलत जास्तीत जास्त 60 हजारांची, म्हणून 15 हजार शिल्लक, उपकरासह 15,600. नुसता पगार असता तर शून्य. मग हा मागच्या दाराने शेतीवर बसवलेला कर नव्हे का? नाही. कर पगारावरच आहे. शेतीचे उत्पन्न फक्त दर ठरवताना जमेस धरले जाते आणि ही पद्धत 1973 पासून चालू आहे. ज्याचे इतर उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या आत आहे, त्याला ऊस कितीही पिकला तरी ती लागू होत नाही.

‘टीडीएस कापला म्हणजे कर भरून झाला’ आणि ‘कर शून्य म्हणजे रिटर्न नको’ हे दोन्ही समज याच गफलतीतून आलेले. वरच्या उदाहरणात शेतीचा आकडा कंपनीला माहीतच नसतो, त्यामुळे तिने केलेली कपात अपुरी पडते. उलट वाहतुकीच्या भाड्यातून जास्त कापले गेले असेल, तर ते रिटर्न भरल्याशिवाय परत येत नाही. नव्या प्रणालीत 4 लाखांच्या वर करपात्र उत्पन्न गेले की सवलतीने कर शून्य झाला तरी विवरणपत्र भरावे लागते. वर्षाचे वीजबिल 1 लाखावर गेले तरीही भरावे लागते. मोठ्या पोल्ट्रीवाल्याने हे विसरू नये. शेतीचे उत्पन्न 5 हजारांहून जास्त असेल तर सोपा आयटीआर-1 चालत नाही. ते 5 लाखांवर असेल तर जिल्हा, पिनकोड, एकर, स्वतःची की खंडाची, बागायत की जिरायत, हेही लिहावे लागते. करमुक्तच आहे तर एवढे कशाला दाखवायचे, असे वाटते. पण काळा पैसा शेतीच्या नावावर पांढरा करणारे आहेत आणि संशय आला की खऱ्या शेतकऱ्यालाही पुरावा मागितला जातो. तेव्हा कारखान्याचे ऊसबिल, बाजार समितीतली हिशेबपट्टी आणि पीकपाहणीची नोंद हीच कामी येतात.

जमीन विकताना तर हा प्रश्न लाखांचा होतो. ग्रामीण शेतजमीन विकून झालेल्या नफ्यावर भांडवली नफ्याचा कर नाही. पण ‘ग्रामीण’ हे तलाठ्याच्या दप्तरावरून ठरत नाही. 10 हजार ते 1 लाख लोकसंख्येच्या नगरपालिकेच्या हद्दीपासून 2 किलोमीटर, 1 ते 10 लाखांच्या शहरापासून 6 आणि त्याहून मोठ्या शहरापासून 8 किलोमीटरच्या आतली जमीन शहरी धरली जाते. शिरूर आणि दौंड या दोन्ही नगरपरिषदा पहिल्या गटातल्या. अंतर हद्दीपासून सरळ रेषेत मोजतात, एसटी स्टँडपासून रस्त्याने नव्हे. 2021 मध्ये वाघोली पुणे महापालिकेत गेली आणि तिकडची हद्द पुढे सरकली, म्हणून कोरेगाव भीमाच्या बाजूच्या विक्रेत्याने ते 8 किलोमीटर खरेदीखताआधीच मोजून घ्यावेत. आणि बिगरशेती करून प्लॉट पाडले, तर अंतर कितीही असले तरी ही सूट मागता येत नाही.