लॅटिन वाचायचंय? आधी पुस्तक पारखून घ्या

व्याकरण संपलं, विभक्ती पाठ झाल्या, आता थेट व्हर्जिलच वाचू या, असं म्हणून घरच्या घरी लॅटिन शिकणारे कितीतरी जण 'ईनिड' उघडतात. दहा ओळींतच शब्दकोश उलटूनपालटून जीव मेटाकुटीला येतो आणि महिन्याभरात पुस्तक कपाटात जातं. 'आपल्याला जमणार नाही' अशी मनाची समजूत होते. खरं तर दोष बुद्धीचा नसतो, निवडीचा असतो. शिक्षक शेजारी नसले, की त्यांचं काम टिपांनाच करावं लागतं.

सुरुवात गोष्टींपासून

डेन्मार्कचे हान्स ओर्बेर्ग यांचं 'फामिलिया रोमाना' हे पुस्तक अख्खं लॅटिनमध्ये आहे. एका रोमन कुटुंबाची गोष्ट ३५ प्रकरणांत उलगडते आणि नव्या शब्दांचा अर्थ समासातल्या चित्रांतून व सोप्या लॅटिन टिपांतून कळतो. पुढे रिची यांच्या 'फाबुलाय फाकिलेस'मधल्या पर्सियस, हर्क्युलिसच्या कथा घ्या. सीझर त्यानंतर आणि व्हर्जिल त्याच्याही नंतर.

शाळेत संस्कृत शिकलेल्यांना विभक्तींची ओळख असतेच. शिवाय लॅटिनमध्ये द्विवचन नाही, हा दिलासाच!

टीप कशी असावी?

विकत घेण्यापूर्वी एक पान वाचून पाहा. शब्दार्थ त्याच पानावर आहेत, की पुस्तकाच्या शेवटी? क्लाइड फार यांच्या १९३० च्या आवृत्तीत 'ईनिड'च्या पहिल्या सहा सर्गांचे शब्दार्थ आणि टिपा मजकुराखालीच आहेत, त्यामुळे वाचनाची लय तुटत नाही. जेफ्री स्टेडमन यांच्या याच धर्तीच्या आवृत्त्या तर इंटरनेटवर मोफत मिळतात.

चांगली टीप सगळ्या वाक्याचं भाषांतर करून देत नाही. शब्द कुठल्या विभक्तीत आहे, क्रियापद कुठे दडलंय, एवढं दाखवून ती बाजूला होते.

भाषांतराचा मोह

१९११ साली सुरू झालेल्या लोएब मालेच्या लाल पुस्तकांत डावीकडे लॅटिन आणि उजवीकडे इंग्रजी असतं. अडलेल्या जागी ती फार उपयोगी पडतात, पण नवशिक्याची नजर सारखी उजवीकडे घसरते आणि लॅटिन तसंच राहून जातं. म्हणून आधी स्वतः अर्थ लावा, मगच उजवं पान उघडा.

रोज दहाच ओळी वाचा. दुसऱ्या दिवशी टिपा झाकून त्याच ओळी पुन्हा वाचा. न अडखळता अर्थ लागला, तर पुस्तक योग्य निवडलंय असं समजा. सारखं अडखळायला होत असेल, तर एक पायरी खाली उतरा. त्यात कमीपणा कसला?